हिमालयातील हिमनद्या आणि '२०३५' : हवामान बदलाविषयीच्या भयसूचक भाषेची एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

हवामान बदल हा विषय विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगशाळेच्या मर्यादा ओलांडून सार्वजनिक जीवनात आला. जून १९८८ मध्ये शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली आणि त्याच वर्षी जागतिक हवामानशास्त्र संघटना व संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांनी आयपीसीसी या आंतरशासकीय मंडळाची स्थापना केली. तेव्हापासून एक वाद सतत चालू आहे. संकट मोठे असेल तर ते भयसूचक शब्दांतच सांगितले पाहिजे, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. अशा भाषेमुळे लोक एकतर हतबल होतात किंवा अविश्वास दाखवू लागतात, असे दुसऱ्या पक्षाचे प्रतिपादन आहे. हा वाद बहुधा तत्त्वाच्या पातळीवरच लढविला जातो. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार हिमालयातील हिमनद्यांविषयीच्या एका विधानाच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

एका आकड्याचा प्रवास

आयपीसीसीचा चौथा मूल्यांकन अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी या मंडळाला अल गोर यांच्यासमवेत नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. अहवालाच्या दुसऱ्या खंडातील आशियाविषयक प्रकरणात एक परिच्छेद होता. हिमालयातील हिमनद्या जगातील इतर कोणत्याही भागापेक्षा वेगाने मागे हटत असून सध्याचा वेग कायम राहिल्यास २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीही, त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असा त्याचा आशय होता. त्यांचे क्षेत्रफळ ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल, असेही तेथे नमूद केले होते.

या परिच्छेदाला आधार म्हणून जागतिक वन्यजीव निधीच्या २००५ मधील एका अहवालाचा दाखला देण्यात आला होता. त्या अहवालाने हे विधान 'न्यू सायंटिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकातील १९९९ च्या वृत्तावरून घेतले होते आणि ते वृत्त एका भारतीय हिमनदीतज्ज्ञाच्या कथनावर आधारलेले होते. त्याच वर्षी 'डाऊन टू अर्थ' या दिल्लीच्या पाक्षिकातही २०३५ हे वर्ष छापले गेले होते. या साखळीत तज्ज्ञपरीक्षित शोधनिबंध कोठेही नव्हता. क्षेत्रफळाच्या आकड्यांचे मूळ आणखी मागे सापडते. रशियन हिमनदीतज्ज्ञ कोटल्याकोव्ह यांच्या युनेस्कोने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ५ लाखांवरून १ लाखावर घट होण्याचे भाकीत आढळते. मात्र ते ध्रुवीय प्रदेश वगळता संपूर्ण पृथ्वीवरील हिमनद्यांविषयी होते आणि त्यातील वर्ष २३५० असे होते. संपूर्ण जगाविषयीचे विधान एका पर्वतरांगेला लावले गेले आणि तीन शतकांहून अधिक काळ गळून पडला.

याच प्रकरणातील एका तक्त्यात कुमाऊँमधील पिंडारी हिमनदीसंबंधी दुसरी चूक होती. १८४५ ते १९६६ या १२१ वर्षांत ही हिमनदी २,८४० मीटर मागे हटल्याची नोंद तेथे होती. साध्या भागाकाराने वार्षिक वेग सुमारे २३.५ मीटर येतो, परंतु तक्त्यात तो १३५.२ मीटर असा छापला गेला. अंक ताडून पाहण्याची प्राथमिक शिस्तही येथे पाळली गेली नाही. विधान भयावह असल्यामुळे ते अधिक तपासले जाईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलट घडले.

अतिशयोक्ती आणि आश्वासन

नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने व्ही. के. रैना यांचा चर्चा-निबंध प्रसिद्ध केला. रैना हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक होते. हिमालयातील हिमनद्यांचे मागे हटणे असाधारण नाही आणि त्याचा संबंध जागतिक तापमानवाढीशी जोडण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो निबंध चर्चेसाठी पुढे आणला. आयपीसीसीचे तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना मंत्रतंत्राचे विज्ञान अशा शब्दांत केली.

दोन महिन्यांतच बाजू पालटली. ग्रॅहम कॉग्ली व इतर हिमनदीतज्ज्ञांनी या आकड्याचा माग काढून आपले निष्कर्ष जानेवारी २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने निवेदन काढून संबंधित अंदाज पुरेशा आधाराविना दिले गेल्याचे मान्य केले व खेद व्यक्त केला. कोपनहेगन परिषद नुकतीच निराशाजनक रीतीने संपली होती आणि ब्रिटनमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठातून फुटलेल्या ई-पत्रांचा वाद ताजा होता. अशा वेळी ९३८ पृष्ठांच्या खंडातील एका परिच्छेदाने संपूर्ण अहवालाची विश्वासार्हता पणाला लावली. वस्तुतः धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशात २०३५ चा उल्लेख नव्हता आणि भौतिक विज्ञानाला वाहिलेल्या पहिल्या खंडातही ही चूक नव्हती. परंतु सामान्य वाचकापर्यंत पोहोचला तो २०३५ हाच आकडा. त्यामुळे तो कोसळल्याची वार्ताही तितक्याच दूर गेली.

आंतर-अकादमी परिषदेने ऑगस्ट २०१० मध्ये आयपीसीसीच्या कार्यपद्धतीचे परीक्षण सादर केले. परीक्षकांच्या हरकतींची नीट दखल घ्यावी, तज्ज्ञपरीक्षण न झालेल्या साहित्याचा वापर स्पष्टपणे दर्शवावा आणि अनिश्चितता नेमकेपणाने व्यक्त करावी, अशा शिफारशी तिने केल्या. या शिफारशींचा भर शब्दांची तीव्रता कमी करण्यावर नव्हता, आधार तपासण्यावर होता, हे लक्षणीय आहे.

झाकले गेलेले वास्तव

भयसूचक विधानाने आणखी एक हानी केली. हिमनद्या संपल्या की उत्तर भारतातील नद्या आटतील, असा सरसकट समज त्यातून दृढ झाला. इमरझील व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासानुसार बर्फ व हिमनद्यांच्या वितळपाण्याचे महत्त्व सिंधू खोऱ्यात अत्यंत मोठे आहे, ब्रह्मपुत्रेत मध्यम आहे, तर गंगेच्या खोऱ्यात मोसमी पावसाच्या तुलनेने मर्यादित आहे. म्हणजे धोका आहे, परंतु प्रत्येक खोऱ्यात त्याचे स्वरूप वेगळे आहे. जलनियोजनाला हा भेदच उपयोगी पडतो आणि सर्वनाशाच्या भाषेत नेमका तोच पुसला जातो.

दुसरीकडे, आश्वासक बाजूही काळाच्या कसोटीला उतरली नाही. १९७० च्या दशकातील अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे वापरून २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात सुमारे ६५० हिमनद्यांची पाहणी करण्यात आली. १९७५ ते २००० या काळाच्या तुलनेत २००० ते २०१६ मध्ये बर्फ घटण्याचा वेग दुप्पट झाल्याचे त्यातून दिसले. काठमांडू येथील इसिमोड या संस्थेच्या २०१९ च्या मूल्यांकनानुसार तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एक-तृतीयांश बर्फ २१०० पर्यंत नाहीसे होईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले. २०३५ खोटे ठरले म्हणून संकट खोटे ठरत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण देण्याची आवश्यकता नाही.

सौम्य भाषेचा दोष

यावरून सौम्य भाषा नेहमी सुरक्षित असते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. त्याच चौथ्या अहवालात एकविसाव्या शतकाअखेर समुद्रपातळी १८ ते ५९ सेंटिमीटरने वाढेल असे म्हटले होते. बर्फस्तरांच्या प्रवाहातील वेगवान बदल त्यात धरलेले नाहीत, अशी पुस्तीही होती. वाचकांच्या स्मरणात आकडे राहिले, पुस्ती राहिली नाही. २०१३ च्या पाचव्या अहवालात अंदाज वाढवावे लागले. हॅन्सन यांनी २००७ मध्येच शास्त्रज्ञांच्या या संकोची वृत्तीवर टीका केली होती. एकाच अहवालात एका बाजूला अतिशयोक्ती आणि दुसऱ्या बाजूला न्यूनोक्ती आढळावी, ही गोष्ट वादातील दोन्ही पक्षांना विचार करावयास लावणारी आहे.

मराठी वाचकाच्या संदर्भात येथे भाषेची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. मराठीत रोजच्या पाऊसपाण्याला आणि तीस-तीस वर्षांच्या सरासरीला 'हवामान' हा एकच शब्द रूढ आहे. त्यामुळे दीर्घकालीन अंदाजात निश्चित वर्ष आले की ते उद्याच्या पावसाच्या अंदाजाप्रमाणे वाचले जाते आणि चुकल्यास तशीच त्याची थट्टा होते. वर्गात हा विषय शिकविताना हा भेद प्रथम स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

२०३५ च्या प्रकरणात हानी झाली ती निराधार नेमकेपणामुळे. गंभीर शब्द पुराव्यावर उभे असतील तर ते समज वाढवितात. पुराव्याविना दिलेली तारीख मात्र प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र देते आणि खऱ्या इशाऱ्याचीही किंमत कमी करते. म्हणून विधान भयसूचक आहे की सौम्य, या प्रश्नाआधी ते कोणत्या मोजमापावर आधारले आहे, कोणत्या प्रदेशाला व कोणत्या काळाला लागू आहे आणि त्यातील अनिश्चितता किती आहे, हे विचारले पाहिजे. इतिहासाचा अभ्यासक कागदपत्राचे मूळ शोधतो, मूळ प्रत आणि नक्कल यांत भेद करतो. हीच साधनचिकित्सा २००७ पूर्वी कोणी केली असती, तर २३५० चे २०३५ झाले नसते. हवामान बदलाचे शिक्षण केवळ विज्ञान विभागाचे काम नाही, ते महाविद्यालयातील इतिहास व भाषा विभागांचेही आहे, हे या प्रकरणावरून म्हणता येते.