जहाजांना नको असलेला वारा

हिंगोली शहराचा अक्षांश सुमारे १९.७ अंश उत्तर आहे. नकाशावर विषुववृत्त ओलांडून आपण जवळजवळ तितकेच दक्षिणेला गेलो आणि थोडे पश्चिमेला सरकलो, की हिंदी महासागरात एक ठिपका सापडतो. हा मॉरिशस देश. त्याचे मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. तेथे काही मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात, बहुतांशी कोकणातून, उसाच्या मळ्यांत मजुरी करण्यासाठी जहाजाने गेले. तेथील शाळांत आजही मराठी हा विषय शिकवला जातो.

जहाजाने आलेली ही माणसे बेटाच्या वायव्येला, पोर्ट लुईस बंदरात उतरली. आज मुंबईहून मॉरिशसला जाणारा प्रवासी मात्र अगदी विरुद्ध टोकाला, आग्नेयेकडील प्लेझान्स येथे उतरतो. बंदर एका टोकाला आणि विमानतळ दुसऱ्या टोकाला, असे का? याचे उत्तर बऱ्याच अंशी वाऱ्यात आहे.

भूगोलात आपण व्यापारी वारे शिकवतो. विषुववृत्ताकडे वाहणारी हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते आणि आग्नेयेकडून येऊ लागते. मॉरिशसवर हे वारे वर्षाचा बहुतेक काळ वाहतात. १५९८ साली डच खलाशी याच आग्नेय किनाऱ्यावरील उपसागरात उतरले. पुढे त्याला ग्रां पोर, म्हणजे 'मोठे बंदर', असे नाव पडले. परंतु शिडाच्या जहाजाला या बंदरात शिरणे जितके सोपे, तितकेच बाहेर पडणे अवघड. कारण बाहेर जाताना वारा नेमका तोंडावर येई. १७३५ साली आलेला फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने म्हणूनच पोर्ट लुईसचा विकास केला. तेथे डोंगरांच्या आडोशामुळे वाऱ्याचा जोर कमी असतो.

जहाजांना नकोसा झालेला हा वारा विमानाला मात्र उपयोगी पडतो. विमानाला उचलणारे बल त्याच्या जमिनीवरील वेगावर नव्हे, तर पंखांवरून जाणाऱ्या हवेच्या वेगावर अवलंबून असते. समजा, एखाद्या विमानाला उडण्यासाठी ताशी २५० किलोमीटर हवेचा वेग लागतो. समोरून ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा येत असेल, तर जमिनीवर २२० चा वेग पुरतो. त्वरण कायम धरले, तर धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २२० आणि २५० यांच्या वर्गांचे गुणोत्तर सुमारे ०.७७ येते. म्हणजे धावपट्टीचा जवळजवळ पाव भाग वाचला! नववी-दहावीचे विद्यार्थी हे उदाहरण सहज सोडवू शकतील.

मॉरिशसला पहिले विमान १९३३ साली शेजारच्या रीयुनियन बेटावरून आले आणि उत्तरेकडील मों श्वाझी येथील मैदानात उतरले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी लष्करी गरजेसाठी प्लेझान्सच्या सपाट जमिनीवर विमानतळ बांधला. युद्धानंतर तो नागरी वाहतुकीला खुला झाला. ग्रां पोरचा उपसागर येथून जवळच आहे. धावपट्टीच्या दोन टोकांचे क्रमांक १४ आणि ३२ आहेत. त्यांना दहाने गुणले, की होकायंत्रावरील दिशा मिळते: १४० आणि ३२० अंश. म्हणजे धावपट्टी थेट व्यापारी वाऱ्यांकडे तोंड करून आहे. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचे क्रमांक ०९ आणि २७ आहेत; तिचे २७ क्रमांकाच्या दिशेचे तोंड पश्चिमेला, अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांकडे आहे.

१९५२ साली क्वांटास कंपनीने ऑस्ट्रेलियातील पर्थहून दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गपर्यंत विमानसेवा सुरू केली. त्या काळातील विमानांना हा महासागर एका दमात ओलांडता येत नसे. म्हणून ती कोकोस बेटावर आणि नंतर मॉरिशसला थांबत. या दोन बेटांमधला टप्पाच चार हजार किलोमीटरांहून मोठा होता. प्लेझान्स ही महासागरातली एक पायरी झाली. पुढे लांब पल्ल्याची जेट विमाने आली आणि पायरीची गरज संपली. आता प्रवाशांनी मॉरिशसलाच यावे, असे काहीतरी करणे भाग होते. १९६७ साली एअर मॉरिशस ही कंपनी स्थापन झाली, १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि साखरेच्या जोडीला पर्यटन वाढत गेले. विमानतळाला पुढे देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव देण्यात आले. २०१३ साली सुरू झालेल्या नव्या इमारतीची क्षमता वर्षाला ४० लाख प्रवाशांची आहे. तिचा आकार पंख्यासारख्या पानांच्या 'प्रवासी ताड' या झाडावरून घेतला आहे. तीन किलोमीटरांहून लांब धावपट्टीवर एअरबस ए-३८० हे दुमजली विमानही उतरते.

तरीही बेटाची अडचण संपत नाही. हिंगोलीकराला नांदेडहून विमान मिळाले नाही, तर रेल्वे आहे, रस्ता आहे. मॉरिशसकराला प्लेझान्स बंद म्हणजे आकाशाचे दार बंद. सर्वांत जवळचा मोठा पर्यायी विमानतळ सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, रीयुनियनला. पण चक्रीवादळ दोन्ही बेटांना एकदमच गाठू शकते. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने तसेच घडले आणि दोन्हीकडची उड्डाणे थांबली. म्हणून अशा बेटाकडे निघालेल्या विमानाला इंधनाचा हिशेब फार काळजीपूर्वक करावा लागतो. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या, तेव्हा पर्यटनावर जगणाऱ्या घरांना हे दार किती महत्त्वाचे आहे ते कळले. ते पूर्ण उघडायला १ ऑक्टोबर २०२१ उजाडला.

वारा तोच, पण वाहन बदलले की जागेचे मोल बदलते. विद्यार्थ्यांना हे पटवायचे असेल, तर शाळेच्या गच्चीवर एक वातदिशादर्शक बसवावा आणि वर्षभर रोज ठरावीक वेळी वाऱ्याची दिशा नोंदवून घ्यावी. वर्षाअखेर वर्गाला विचारावे: आपल्या गावी धावपट्टी आखायची झाली, तर तिच्या दोन टोकांवर कोणते आकडे लिहाल?