पुराचे पाणी आणि न दिसणारा नाला

बेंगळुरूमध्ये 5 सप्टेंबर 2022 रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत 131.6 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सर्जापूर रोड, बेलंदूर आणि बाह्य वर्तुळाकार मार्गालगतचा परिसर जलमय झाला. सर्जापूर रोडवरील रेनबो ड्राइव्ह वसाहतीतील रहिवाशांना ट्रॅक्टर व नौकांतून बाहेर पडावे लागले.

हा परिसर मुळात तळ्यांच्या साखळीचा आहे. वरच्या तळ्यातील जादा पाणी खालच्या तळ्यात नेणाऱ्या नाल्याला कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. येथील पाणी अखेर बेलंदूर व वर्तूर तळ्यांतून दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. नाले अरुंद झाले किंवा बुजले, तरी जमिनीचा उतार बदलत नाही. म्हणूनच पाऊस थांबला की धोका टळला, हा समज चुकीचा ठरतो. तळे भरून वाहू लागल्यास उघडीप असतानाही रस्त्यावरील पाणी वाढू शकते.

अशा वेळी रस्ता कोठे संपतो आणि नाला कोठे सुरू होतो, हे नेहमीच्या वाटसरूलाही कळत नाही. मुंबईतील विख्यात पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर 29 ऑगस्ट 2017 रोजी मोटार सोडून घराकडे पायी निघाले असता एल्फिन्स्टन परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडले. त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळी येथे सापडला. मॅनहोलचे झाकण काढल्याच्या आरोपावरून पोलिसांनी काही स्थानिक रहिवाशांना अटक केली होती. पाणी लवकर ओसरावे या हेतूनेही नागरिकांनी झाकणाला हात लावू नये. ते काम महापालिकेचे आहे. पाण्यातून जाणे अटळ असेल तर काठीने पुढची जमीन चाचपावी. पृष्ठभागावर भोवरा दिसल्यास तेथून दूर राहावे.

वाहत्या पाण्याची खोली केवळ 15 सेंटिमीटर असली तरी प्रौढ माणसाचा तोल जाऊ शकतो. सुमारे 30 सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. बेंगळुरूच्या के. आर. सर्कल येथील भुयारी मार्गात 21 मे 2023 रोजी मोटार बुडून एका तरुणीचा मृत्यू झाला. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी, सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, बंद मोटारींत गुदमरूनही बळी गेले होते. इंजिन बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्यात वेळ दवडू नये. काच तत्काळ उतरवून बाहेर पडावे आणि उंच जागा गाठावी.

विजेचा धोका तर मुळीच दिसत नाही. 5 सप्टेंबर 2022 च्याच रात्री व्हाइटफिल्डजवळ पाण्यात दुचाकी बंद पडल्यावर विजेच्या खांबाला स्पर्श होऊन 23 वर्षांची तरुणी दगावली. खांब, रोहित्रे आणि जाहिरात फलकांचा आधार घेऊ नये.

साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असल्यास, विशेषतः पायाला जखम असल्यास, तीन दिवसांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लेप्टोस्पायरोसिसवरील प्रतिबंधक औषध वेळेवर सुरू होणे महत्त्वाचे असते.

आपत्कालीन मदतीसाठी देशभर 112 हा क्रमांक आहे. बेंगळुरूत विजेसंबंधीच्या तक्रारी 1912 वर, तर मुंबईत महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी 1916 वर संपर्क साधता येतो.