चिंध्यांचा कागद, झाडांचा कागद

आपल्या घरात शौचासाठी पाणीच असते. तरी पाहुण्यांसाठी किंवा परदेशी मुलांकडे गेल्यावर टॉयलेट पेपर घ्यावाच लागतो. दुकानात मऊ, त्याहून मऊ, पांढराशुभ्र असे नाना प्रकार. त्यातला कोणता घ्यावा, हे या कागदाचा इतिहास पाहिला की सोपे होते.

इ.स. १०५ च्या सुमारास चीनमधल्या त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, जुन्या चिंध्या आणि फाटकी मासेमारीची जाळी यांपासून कागद तयार करून बादशहापुढे ठेवला. म्हणजे कागद मुळात टाकाऊतूनच झाला. सहाव्या शतकात यान झिथुई या विद्वानाने लिहून ठेवले की, ज्यावर धर्मग्रंथातली वचने किंवा सत्पुरुषांची नावे आहेत, तो कागद शौचासाठी वापरायला मन धजत नाही. ज्ञानाची आशातना नको म्हणून छापील कागदाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. भाव तोच! पुढे १३९३ साली चिनी दरबारासाठी वर्षाला ७,२०,००० ताव लागत. राजघराण्यासाठी आणखी १५,००० ताव, तेही मऊ आणि सुगंधी.

अमेरिकेत १८५७ साली जोसेफ गेयेटी यांनी खास शौचासाठी कागद विकायला काढला. ५०० ताव ५० सेंटला. तो केळीच्या जातीतल्या अबाका झाडाच्या धाग्याचा होता. पण घरोघरी जुनी वर्तमानपत्रे असताना लोक पैसे कशाला मोजतील?

चित्र पालटले ते लाकडामुळे. चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या होत्या. १८४४ मध्ये जर्मनीत केलर यांनी लाकूड घासून लगदा करण्याची रीत काढली. कागद स्वस्त झाला. १८९० मध्ये फिलाडेल्फियाच्या स्कॉट बंधूंनी रोल बाजारात आणले आणि टाकाऊतून आलेली वस्तू उभ्या झाडातून येऊ लागली. आज कॅनडातल्या उत्तरेकडच्या जंगलातली झाडेही क्षणभराच्या वापरासाठी तुटतात. वनस्पतिकाय जीवांचा विचार करणाऱ्या आपल्याला हे टोचायला हवे.

म्हणून रोल घेताना वेष्टन वाचा. पूर्ण रिसायकल्ड, त्यातही लोकांनी वापरून टाकलेल्या कागदाचा असेल तर उत्तम. पुन्हा पुन्हा लगदा केल्याने धागे आखूड होतात, म्हणून तो थोडा खरखरीत लागतो, एवढेच. रंग मातकट असला तरी चालेल. १९८० च्या दशकात क्लोरीनने कागद पांढरा करणाऱ्या गिरण्यांच्या सांडपाण्यात डायॉक्सिन हे विष सापडले होते, तेव्हा क्लोरीनमुक्त असे लिहिलेले पाहा. बांबू हे गवत आहे, कापल्यावर पुन्हा फुटते, म्हणून ताज्या लाकडापेक्षा बरे. एफएससीची खूण असेल तर जंगल नीट राखल्याची हमी मिळते, पण लाकूड ताजे असू शकते, हे ध्यानात ठेवा.

आणि घरात? टमरेल किंवा जेट स्प्रे आहेच. पाण्यातही जीव आहेत, म्हणून तेही बेताने. कोरडे करायला जुन्या सुती साडीचे हातभर तुकडे करून ठेवा, वापरले की गरम पाण्यात धुवा. कागदाचा रोल पाहुण्यांपुरता उरेल आणि महिनोन्महिने पुरेल.