दुभाष्याची मुदत

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली एखादी आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो ते, तुमच्या कपाटात तबकडीवर पडून असेल. नव्या संगणकात तबकडी घालायला बहुधा जागाच नसते. पण ते सोडून द्या. खटपट करून ती नव्या यंत्रावर उतरवली, तरी यंत्र म्हणते, हे मला चालवता येत नाही. आज्ञावली बिघडली म्हणावी, तर तिच्यातला एक आकडाही इकडचा तिकडे झालेला नाही. बदललेली असते ती आतल्या चिपची भाषा. प्रत्येक घराण्याच्या चिपला आपलेच आकडे कळतात, दुसऱ्या घराण्याचे कळत नाहीत. मग जुने काम चालू राहावे म्हणून मध्ये दुभाष्या बसवावा लागतो.

या दुभाष्याचा इतिहास पाहायचा तर ॲपल कंपनीच्या मॅकिन्टॉश संगणकाकडे पाहावे. तिथे ही भाषा तीनदा बदलली.

1984 साली मॅकिन्टॉश निघाला तेव्हा त्यात मोटोरोलाची 68000 ही चिप होती. 1994 च्या मार्चमध्ये तिच्या जातीच्या चिपांऐवजी पॉवरपीसी आली. गंमत अशी की, खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचा मोठा भाग अजून जुन्याच भाषेत होता. म्हणजे राजा नवा आणि दरबारातले कारभारी जुन्या बोलीचे! गॅरी डेव्हिडियन यांनी तयार केलेला दुभाष्या एकेक आज्ञा वाचून नव्या चिपकडून ती करवून घेत असे. काम सावकाश होई, पण होई.

दुसरा पालट मोठा. 6 जून 2005 रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर केले की, आता इंटेलच्या चिपा घ्यायच्या. या वेळच्या दुभाष्याचे नाव रोझेटा. 1799 साली इजिप्तमध्ये सापडलेल्या आणि शांपोलियोंना चित्रलिपी उलगडायला उपयोगी पडलेल्या शिळेवरून ते ठेवले. मूळ तंत्र मँचेस्टरच्या ट्रान्झिटिव्ह या कंपनीचे. हा दुभाष्या आज्ञांचा एकेक तुकडा भाषांतरित करी आणि ते भाषांतर हाताशी ठेवी. तोच तुकडा पुन्हा आला की पुन्हा कष्ट नकोत. अडचण एवढीच नव्हती. आपण 25 असे लिहितो, पण बोलताना 'पंचवीस', म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर! मोठा आकडा साठवताना पॉवरपीसी थोरला भाग आधी ठेवी, इंटेल धाकटा. रोझेटाला हीही उलटापालट सतत करावी लागे.

आणि त्याला फक्त पॉवरपीसीची बोली येत होती. 1994 पूर्वीची बोली, किंबहुना जुन्या मॅक ओएससाठी लिहिलेले काहीच, नव्या इंटेल यंत्रांवर चालेना. आपल्याकडच्या छापखान्यांत ज्या पेजमेकरवर मराठी पुस्तकांची पाने लावली, त्याच्या मॅकिन्टॉशवरच्या आवृत्तीचा शेवट तिथेच झाला.

2009 च्या आवृत्तीत रोझेटा हवा असेल तर वेगळा बसवून घ्यावा लागे. 2011 च्या जुलैत 'लायन' आली आणि तो गेला. घरच्या जमाखर्चासाठी क्विकेन 2007 वापरणाऱ्यांची तर पंचाईत झाली. हिशेब सगळा त्यात, आणि नव्या सिस्टिमवर ते उघडेना. 2012 साली त्या कंपनीने लायनवर चालणारी आवृत्ती काढली, तोवर लोक जुनी सिस्टिम धरून बसले. ॲपलच्याच ॲपलवर्क्समध्ये पत्रे लिहून ठेवणाऱ्यांसाठी मात्र तशी कुठलीही आवृत्ती निघाली नाही.

कंपनीच्या बाजूने एक म्हणता येईल: दुभाष्या कायमचा बसला, तर नवी भाषा शिकायची तसदी कोण घेणार? मला हे अर्धेच पटते. ज्या आज्ञावलीचा कर्ता हयात आहे तो शिकेल; ज्याचे दुकानच उठले त्याच्या गिऱ्हाइकाने काय करावे?

2020 साली ॲपलने स्वतःची चिप आणली आणि रोझेटा 2 आला. हा हुशार, बहुतेक भाषांतर आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच उरकतो. इंटेलच्या चिपा स्मृतीत ज्या शिस्तीने नोंदी करतात, ती शिस्त पाळण्याची सोयही खास त्याच्यासाठी नव्या चिपमध्येच ठेवली आहे. पण 2025 च्या जूनमध्ये त्याचीही मुदत जाहीर झाली: मॅकओएस 27 पर्यंत पुरा, पुढे काही जुन्या खेळांपुरता.

तेव्हा तुमच्याकडे अशा चिपचे यंत्र असेल, तर त्यातला ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा. 'काइंड' या रकान्यात प्रत्येक चालू आज्ञावलीपुढे 'ॲपल' किंवा 'इंटेल' असे लिहिलेले दिसेल. ज्यांच्यापुढे 'इंटेल' आहे त्यांत तुमची काही पत्रे, हिशेब, टिपणे असतील, तर ती आताच साध्या मजकुरात किंवा पीडीएफमध्ये काढून ठेवा.