सहाय्यक कोणाचा?

विरार लोकलमध्ये कुठल्या विषयावर बोलावं आणि कुठल्यावर बोलू नये याचे काही अलिखित नियम आहेत. राजकारणावर खुशाल बोलावं. त्यानं कुणाचं मत बदलत नाही, त्यामुळे कुणी दुखावतही नाही. मधुमेह, जावई, सोसायटीचा सेक्रेटरी, टँकरचं पाणी या विषयांवर तर अंधेरीपर्यंत एकमत टिकतं. पण अमक्या नटाला अमकं पारितोषिक मिळायला हवं होतं की नव्हतं, हा विषय काढायचा असेल तर आधी आपली बॅग रॅकवरून उतरवून मांडीवर घ्यावी. केव्हा डबा बदलायची वेळ येईल सांगता येत नाही. मी ती घेतली नव्हती.

आमच्या ग्रुपमध्ये माणसांना नावं नाहीत, स्टेशनं आहेत. विरार, नालासोपारा, वसई आणि नायगाव. मी खरा विरारचाच, पण मी यायच्या आधीच ते पद भरलं गेल्यामुळे मला 'बँक' म्हणतात. नालासोपारा आणि वसई हे दोघं उलटे विरारला येऊन खिडकी पकडतात. नायगावला ते जमत नाही, म्हणून तो उभा असतो, आणि उभ्या माणसाची मतं नेहमी थोडक्यात आणि रागीट असतात. वसई म्हणजे आमचे काका. चर्चगेटच्या एका ऑफिसात शिपाई, रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेलं, घरी दोन गुंठ्यांची वाडी. पावसाळ्यात त्यांच्या रुमालात सोनचाफा असतो आणि दर दसऱ्याला आमच्या डब्याचं तोरण त्यांच्याच झेंडूचं असतं.

विषय काढला विरारनं. गोविंदा विरारमध्ये वाढला आणि याच लोकलनं स्टुडिओंच्या पायऱ्या झिजवायला गेला, ही आमच्याकडे जीवदानीच्या डोंगराइतकी जुनी आणि पक्की गोष्ट आहे. विरारचं म्हणणं असं, की जो माणूस विरार लोकलमधून अंगावरची इस्त्री न मोडता उतरू शकतो त्याला नाच शिकवावा लागत नाही. आणि अशा माणसाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं फिल्मफेअर कधीही मिळू नये, हा समस्त विरारकरांचा अपमान आहे.

"मिळालं की," नालासोपारा म्हणाला, "२००० साली, 'हसीना मान जाएगी'ला."

"ते विनोदी भूमिकेचं! हीरो तो, आणि बसवला विनोदवीरांच्या पंगतीला."

"१९९५ चं घे ना. 'कुली नंबर वन' त्याच वर्षीचा, 'रंगीला' त्याच वर्षीचा आणि 'दिलवाले दुल्हनिया'ही त्याच वर्षीचा. मिळालं शाहरुखला. आमिर त्यानंतर त्या समारंभाकडे फिरकेनासा झाला."

"नटानं रडलं पाहिजे," नायगाव वरून म्हणाला. "हसवणाऱ्याचा रकाना वेगळा."

रकाना हा शब्द ऐकला आणि मला राहवेना. मी बी.कॉम. आहे. बावीस वर्षं बँकेत काढली ती रकान्यांच्या जोरावर. रक्कम बरोबर असून भागत नाही, ती योग्य रकान्यात पडावी लागते; चुकीच्या रकान्यातला बरोबर आकडा हा संध्याकाळी सातपर्यंत थांबवून ठेवतो. तेव्हा मी घसा साफ केला आणि पारितोषिकांचा इतिहास सांगायला घेतला. इथून पुढची चूक सर्वस्वी माझी.

फिल्मफेअरचा पहिला समारंभ २१ मार्च १९५४ रोजी मेट्रो सिनेमात झाला. पारितोषिकं एकूण पाच. अभिनेता दिलीपकुमार, 'दाग'साठी. अभिनेत्री मीनाकुमारी, 'बैजू बावरा'साठी. सुटसुटीत कारभार. मेट्रो मरीन लाइन्सला असल्यामुळे मंडळी शेवटच्या विरारच्या आत मोकळीही झाली असतील. दुसऱ्या वर्षी 'सहाय्यक' नावाचा रकाना उघडला, आणि भांडणं तेव्हापासूनची आहेत. पहिल्या वर्षी तो भरला डेव्हिडनी 'बूट पॉलिश'साठी आणि आपल्या उषा किरणनी 'बादबान'साठी. तोपर्यंत सगळं गोडीगुलाबीत होतं. १९५७ मध्ये 'देवदास'मधल्या चंद्रमुखीसाठी वैजयंतीमालाबाईंना सहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक जाहीर झालं आणि बाईंनी ते घेतलंच नाही. माझी भूमिका सुचित्रा सेनच्या पारोच्या बरोबरीची आहे, मी सहाय्यक नाही, असं त्यांचं म्हणणं. देवदास पारोसाठी दारू पितो हे खरं, पण पितो कुणाकडे बसून, हे बघायला नको? आमच्याकडे एखादी एंट्री पार्टीनंच नाकारली तर काय करायचं याचं सर्क्युलर आहे. त्यांच्याकडे नसावं.

प्राणसाहेबांनीही १९७३ मध्ये 'बेईमान'साठी मिळालेलं सहाय्यकाचं पारितोषिक नाकारलं, पण ते दुसऱ्याच्या खात्यासाठी. संगीताचं पारितोषिक 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मदना न देता 'बेईमान'च्या शंकर-जयकिशनना दिलं म्हणून. ज्या सिनेमानं स्वतःला बक्षीस मिळवून दिलं त्याच सिनेमाच्या दुसऱ्या बक्षिसाविरुद्ध उभं राहणं, हे आमच्या युनियनमध्येसुद्धा कुणी केलेलं मला आठवत नाही. आणि गुलाम मोहम्मद तर तेव्हा हयातही नव्हते.

मग १९७६. 'शोले' आणि 'दीवार' एकाच वर्षीचे. 'शोले'ला अख्ख्या समारंभात एक पारितोषिक मिळालं, संकलनाचं. ते घेतलं एम. एस. शिंदे या मराठी माणसानं. गब्बरसिंग सहाय्यकांच्या यादीत होता आणि तिथेही 'दीवार'च्या शशी कपूरकडून हरला. गब्बर सहाय्यक! कुणाला सहाय्य केलं हो त्यानं त्या सिनेमात? 'दीवार'च्या अमिताभला मुख्य रकान्यात टाकलं होतं, पण तिथे 'आंधी'साठी संजीवकुमार आले.

"पण अमिताभला 'अमर अकबर अँथनी'साठी मिळालं," विरार उसळून म्हणाला, "१९७८ ला. म्हणजे हसवणाऱ्यालाही मिळतं. मग गोविंदाला का नाही?"

"ती थकबाकी," मी म्हटलं. "'दीवार'ची. बुडालेली रक्कम दोन वर्षांनी दुसऱ्याच खात्यावर जमा केली. त्याच समारंभात डॉक्टर लागूंना 'घरौंदा'साठी सहाय्यकाचं दिलं. ही कुठली थकबाकी, ते तुम्हीच ओळखा."

मंडळींनी माना डोलावल्या. मी इतका खूश झालो, की काका खिडकीतून तोंड आत वळवताहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"मग आमचे निळूभाऊ?" काका म्हणाले. "'सामना'तले?"

'सामना' म्हणजे जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला. साखरसम्राट हिंदुराव म्हणजे निळू फुले आणि त्याच्या गावात येऊन एका मारुती कांबळेची चौकशी करत राहणारा दारुडा मास्तर म्हणजे डॉ. लागू. काकांनी हा सिनेमा किती वेळा पाहिला याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही.

"काका, ते सहाय्यक धरावे लागतील," मी म्हणालो. "मुख्य भूमिका डॉक्टरांची. आणि तुम्ही राष्ट्रीय पुरस्काराचं विचाराल, तर तिथे नट-नटींची पारितोषिकंच मुळी १९६७ च्या सिनेमांपासून सुरू झाली. सहाय्यकाचा रकाना तर आला १९८४ च्या सिनेमांपासून. म्हणजे निळूभाऊंना टेक्निकली जागाच नव्हती."

"सहाय्यक?" काका म्हणाले. "कोणाचा?"

मी काही बोललो नाही.

"अख्खा गाव ज्याच्या भुवईकडे बघून श्वास घेतो, तो सहाय्यक? मास्तर नुसता विचारत फिरतो. उत्तर द्यायला कोण आहे तिथे? अहो बँकवाले, हिंदुराव काढून घ्या आणि मग दाखवा तुमचा सिनेमा."

भाईंदरच्या खाडीचा पूल आला, गेला. काका एक शब्द बोलले नाहीत. दादरला उतरतानाही त्यांनी 'येतो' म्हटलं नाही. त्यांना जायचं असतं चर्चगेटला.

दुसऱ्या दिवशी खिडकी रिकामी. म्हणजे रिकामी कसली, विरार लोकलमध्ये खिडकी रिकामी राहत नाही. तिथे कानात वायर घातलेला एक अनोळखी मुलगा होता. काका पुढच्या डब्यात, भजनवाल्यांत बसायला लागले होते.

आठवड्यानं नालासोपाऱ्यानं खुलासा केला. काकांच्या ऑफिसात चार वर्षांपूर्वी 'शिपाई' हे पद रद्द झालं आणि काकांचं 'कार्यालयीन सहाय्यक' झालं. पगार तोच, कपाटाची किल्ली तीच. त्या कपाटात कुठली फाइल कुठे आहे हे काका सोडून कुणालाच माहीत नाही; तीन मॅनेजर त्यांच्या हाताखाली, म्हणजे कागदोपत्री त्यांच्या वर, तयार होऊन गेले. "आणि तू त्यांना रकाने शिकवत होतास," नालासोपारा म्हणाला.

घरी मी हे सांगितलं. सहानुभूतीची अपेक्षा नव्हतीच.

"बरोबरच आहे त्यांचं," बायको म्हणाली. "रोहिणी हट्टंगडींनी 'गांधी'त कस्तुरबा केली. बेन किंग्जलेला ऑस्कर, आणि हिला इंग्रजांचं बाफ्टा मिळालं ते सहाय्यक अभिनेत्रीचं. तेही मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून. आश्रम चालवायचा कस्तुरबानं, आणि सहाय्यक!"

"आणि श्यामच्या आईला काय मिळालं?" आतून आईनं विचारलं. तिनं 'श्यामची आई' शाळेत असताना पाहिलाय आणि शेवट अजून पाहिलेला नाही. त्या जागी ती डोळे मिटते. मी सांगितलं, की १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलंवहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक अत्र्यांच्या याच सिनेमाला मिळालं. "सिनेमाला नाही रे विचारत, वनमालाबाईंना काय मिळालं?" मी म्हटलं, तेव्हा अभिनयाचं पारितोषिकच नव्हतं. "म्हणजे तिला सहाय्यकाएवढीही जागा नव्हती," असं म्हणून आईनं कुकर उतरवला.

त्या रात्री मी निळूभाऊंचं खातं नव्यानं लिहून पाहिलं. सुरुवातीला पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी. मग सेवादल, लोकनाट्य, 'सखाराम बाइंडर'. मग पडद्यावरचे पाटील आणि सरपंच. रस्त्यात भेटलेल्या बायका या सज्जन माणसाला खरोखरीच्या शिव्या घालत. त्यांनी केलेल्या कामाची एवढी चोख पोचपावती कुठल्या परीक्षक मंडळानं दिली असेल? २००९ मध्ये ते गेले, अभिनयाच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्काराशिवाय. मी हिशेब तीनदा तपासला. चूक बेरजेची नव्हती, रकान्याची होती.

दसरा चार दिवसांवर आला आणि आमच्या डब्यात तोरणाचा पत्ता नाही. बाजारातून झेंडू आणू या, असं विरार म्हणाला आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो भाईंदरपर्यंत मोबाइलमध्येच राहिला. शेवटी ठराव करायचं ठरलं. पारितोषिक विभागून द्यायचं. पूर्वदाखला बाफ्टाचा होता आणि घरचाही होता. १९७४ ला फिल्मफेअरनं 'बॉबी'ची डिंपल आणि 'अभिमान'ची जया भादुरी अशा दोघींना अभिनेत्रीचं दिलेलं आहे. विरारनं अट घातली, की १९९५ चं गोविंदाला मिळणार असेल तरच आपलं मत. सौदा मान्य झाला. नायगाव म्हणाला, "सही करतो, पण बसायला द्या." त्याला अंधेरीपर्यंत चौथी सीट देण्यात आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी विरारच्या प्लॅटफॉर्मवर काका पुढच्या डब्याच्या खुणेपाशी उभे होते. पायाशी झेंडूची गोणी. मी बँकेच्या व्हाउचरच्या पाठीवर लिहिलेला ठराव वाचला: सन १९७५ चं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक, आमच्या डब्यापुरतं, 'सामना'साठी डॉ. श्रीराम लागू आणि श्री. निळू फुले यांना समान विभागून. सहाय्यक हा रकाना रद्द.

काकांनी कागद घेतला. चष्मा लावून दोनदा वाचला.

"निळूभाऊंचं नाव आधी लिहा," ते म्हणाले.

मी तिथेच, गोणीवर कागद टेकवून, लिहिलं. गाडी आली. काकांनी गोणीचं एक टोक धरलं, दुसरं मला दिलं, आणि आम्ही आमच्या डब्यात घुसलो. कानात वायर घातलेला मुलगा न सांगता खिडकीतून उठला. नालासोपारा येईपर्यंत तोरण लागलं, वसईला पेढे फिरले.

नायगाव चढला, चौथ्या सीटवर टेकला. काकांनी रुमालानं चष्मा पुसला आणि आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं.

"बरं, ते मिटलं," ते म्हणाले. "आता 'सिंहासन'. त्यात तिघं आहेत. डॉक्टर, निळूभाऊ आणि अरुण सरनाईक."

"सरनाईक!" नायगाव म्हणाला.

मी उठून माझी बॅग रॅकवरून खाली घेतली.