तगाई, अनुदान आणि निकष : भूकंपानंतरच्या सरकारी मदतीचा प्रवास

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे धक्के पैनगंगेच्या अलीकडे, वाशिम जिल्ह्यातही जाणवले. त्याच वर्षी २१ मार्चला पहाटे हिंगोलीतच तेवढ्याच तीव्रतेचा भूकंप झाला होता. अशा धक्क्यानंतर गावात पहिला प्रश्न जिवाचा असतो. तो निभावला की दुसरा प्रश्न येतो : भिंतीला तडा गेला आहे, सरकार काही देईल का? हा दुसरा प्रश्न साधा वाटतो, पण त्याला मोठा इतिहास आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्या काळी सरकारी मदत म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी : साऱ्याची तहकुबी किंवा माफी, दुष्काळी कामे आणि तगाई. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईला नियमांची चौकट मिळाली. विहीर खोदायला, बैल किंवा बियाणे घ्यायला सरकार पैसे देई. पण ते कर्ज होते आणि व्याजासह फेडावे लागे. या व्यवस्थेच्या नजरेसमोर होता तो पिकाचा दुष्काळ. संकट पावसाच्या ओढीने हळूहळू येते, हे तिने गृहीत धरले होते. घर एका क्षणात कोसळते, या संकटासाठी तिच्यात वेगळा विचार नव्हता.

महाराष्ट्राला तो विचार करायला भाग पाडले दोन भूकंपांनी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सरकारी आकड्यांनुसार सुमारे ८ हजार माणसे गेली. भूकंपमापनाच्या दृष्टीने धक्का प्रचंड मोठा नव्हता. माणसे मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि लाकडी माळवदावर उन्हापासून बचावासाठी वर्षानुवर्षे चढवलेली माती, हे सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

पुढचे पुनर्वसन महाराष्ट्राने तोपर्यंत पाहिले नव्हते एवढे मोठे होते. १९९४ मध्ये जागतिक बँकेने २४.६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. ते राज्याच्या नावावर राहिले; घरमालकाला मिळाले ते अनुदान. तगाईपासून इथवरचे हे अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर पडलेले घर ही शासनाची जबाबदारी मानली गेली.

मदतीचे दोन मुख्य मार्ग होते. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तिथे शासनाने, स्वयंसेवी संस्थांनी आणि उद्योगसमूहांनी तयार घरे बांधून दिली. घराचा आकार ठरला सातबाऱ्यावरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. शेतकऱ्याला अवजारे, कडबा, धान्य ठेवायला जागा लागते, हा त्यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. तरीही भूकंपाने वाडा आणि झोपडी एका पातळीवर आणली होती. मदतीने जुनी उतरंड पुन्हा आखून दिली.

दुसरा मार्ग कमी गाजला, पण त्याची व्याप्ती कितीतरी मोठी होती. १३ जिल्ह्यांतील सुमारे अडीच हजार गावांत जवळपास २ लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीसाठी अनुदान देण्यात आले. नुकसानीच्या प्रमाणानुसार १७ हजार किंवा ३४ हजार रुपये. पैसे हप्त्याने मिळत, काम मात्र घरमालकाने करून घ्यायचे होते. गावोगावी महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. भिंतीत आरपार बांधदगड का घालायचा, माळवदावरची माती का कमी करायची, हे अशा कामातून गावापर्यंत पोहोचू लागले. अनेकांनी मात्र जुने घर मजबूत करण्याऐवजी त्या पैशातून विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. दगडमातीच्या घरावरचा विश्वासच उडाला होता, त्यांना दोष देता येत नाही. पण परिणाम असा झाला की नव्या खोलीशेजारी जुनी धोकादायक भिंत तशीच उभी राहिली.

तरी या कार्यक्रमाचे एक मोल आहे. ‘मजबुती’ हा शब्द मदतीच्या यादीत आला. जे उभे आहे ते पुढच्या धक्क्यात पडू नये, यासाठीही सरकार पैसे देऊ शकते, हे मान्य झाले.

आजची चौकट पाहू. भूजच्या २००१ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्याचा ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार मृताच्या वारसांना ४ लाख आणि सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये. अंशतः नुकसान किमान १५ टक्के असेल, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,०००. किल्लारीचा कार्यक्रम खास कर्जावर उभा होता आणि त्यात मजबुतीचाही खर्च धरला होता, त्यामुळे तुलना सरळ नाही. पण तेव्हा अंशतः नुकसानीला मिळणारे १७ हजार आणि तीन दशकांनंतरचे ४ हजार हे आकडे शेजारी ठेवले की फरक लपत नाही. आता मदत आहे ती झालेल्या हानीची. तलाठ्याचा पंचनामा पडलेले मोजतो. पंधरा टक्क्यांच्या आतला तडा त्याच्या हिशेबात बसत नाही.

इथे किल्लारीतील एक गोष्ट आठवावी लागते. मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, तिथे लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. लोक घाबरले होते. घरे मात्र होती तशीच राहिली. प्रत्येक लहान धक्क्यामागून मोठा येतोच असे नाही. बहुतेक वेळा येत नाही. म्हणून हिंगोली-वाशिमच्या लोकांना घाबरवण्याचे कारण नाही. पण लहान धक्का हा घर तपासून घेण्याचा इशारा मानायला भूकंपाचे भाकीत लागत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीसाठीच्या निधीतील २० टक्के हिस्सा सौम्यीकरणासाठी, म्हणजे हानी होण्याआधीच्या उपायांसाठी, वेगळा ठेवला आहे. म्हणजे वाट आहे. १९९४ नंतर सुरू झालेले मजबुतीचे काम या निधीतून पुन्हा हाती घेता येईल. पैनगंगेकाठच्या गावांतील दगडमातीच्या घरांची पाहणी, गवंड्यांचे प्रशिक्षण आणि कच्च्या घराच्या मालकाला थोडेसे अनुदान, इतक्यापासून सुरुवात होऊ शकते. तगाईपासून अनुदानापर्यंत यायला आपल्याला शंभर वर्षे लागली. पडलेल्या घरापासून उभ्या घरापर्यंत यायला तेवढा वेळ हाताशी असेलच, असे कोणी सांगू शकत नाही.