बारावीला टक्के कमी पडले? मनासारख्या विद्यापीठात जायच्या वाटा अजून बंद नाहीत

बारावीचा निकाल लागला की गावात पहिला प्रश्न एकच असतो, किती टक्के? पंचेचाळीस-पन्नास सांगितले की पुढचं बोलणं थांबतं. पोराला म्हणतात आता शेतीच बघ, आणि पोरीसाठी स्थळ बघायला सुरुवात होते. पण आज बऱ्याच मोठ्या अभ्यासक्रमांची गुणवत्ता यादी बारावीच्या टक्क्यांवर लागत नाही. बारावीची फक्त एक किमान अट असते, खरी यादी प्रवेश परीक्षेची असते. हा फरक माहीत नसल्यामुळे अनेक घरांत शिक्षण थांबतं, नाहीतर एजंटाच्या हातात सोयाबीनचे पैसे जातात.

आधी मार्कलिस्ट नीट वाचा

अभियांत्रिकी पदवीसाठी बारावीचे एकूण टक्के पाहत नाहीत. भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा मान्य विषय (बहुतेकांचा रसायनशास्त्र) या तीन विषयांचे मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, तर राज्यातील मागास प्रवर्ग, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के लागतात. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०.

एखाद्या मुलाला एकूण ४८ टक्के आहेत, पण या तीन विषयांत १४० गुण आहेत, तर तो पात्र आहे. दुसऱ्याला भाषेच्या जोरावर एकूण ५५ टक्के पडले, पण तीन विषयांत ११५ च आहेत, तर तो पात्र नाही. त्यामुळे टक्केवारी सोडून आधी या तीन विषयांची बेरीज करावी.

एक-दोन गुणांनी अट हुकत असेल तर निकालानंतर बोर्डाकडे गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन यासाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकनाआधी छायांकित प्रत घ्यावीच लागते. मुदत थोड्या दिवसांचीच असते, म्हणून निकालाच्या आठवड्यातच कॉलेजात जाऊन विचारावे.

सीईटीत बारावीचे गुण धरत नाहीत

अभियांत्रिकीची यादी एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. ४६ टक्केवाला मुलगा सीईटीत चांगला आला तर ८५ टक्केवाल्याच्या पुढे जातो.

पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा असतो. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक आणि रसायनचे प्रत्येकी ५० प्रश्न १ गुणाचे. साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत, हे अभ्यासाला बसताना लक्षात ठेवावे.

यंदा सीईटी बिघडली तर पुढच्या वर्षी पुन्हा देता येते. त्यासाठी बारावी पुन्हा द्यायची गरज नाही, फक्त पात्रतेचे गुण हवेत.

पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमालाही सीईटीच आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसीला ४२ टक्के, एससी-एसटीला ४० टक्के लागतात. एमबीबीएसची यादी नीटवर लागते, पण तिथे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून खुल्या गटाला ५० आणि राखीव गटाला ४० टक्के हवेत. कृषी पदवीच्या यादीचे सूत्र वेगळे आहे, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच ठरवावे.

दिल्लीची दारं

दिल्ली विद्यापीठात २०२१ साली काही कॉलेजांचा कटऑफ १०० टक्क्यांवर गेला होता. २०२२ पासून तिथे सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली आणि पदवीचे प्रवेश तिच्या गुणांवर होऊ लागले. बनारस हिंदू विद्यापीठ, जेएनयू आणि इतर केंद्रीय विद्यापीठांनाही हीच परीक्षा लागते. आपल्याकडे वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ आहे.

ही परीक्षा १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे. मात्र दिल्ली विद्यापीठासाठी बारावीला जे विषय घेतले, त्याच विषयांचे पेपर द्यावे लागतात. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात. काही विद्यापीठे किमान टक्क्यांची अट ठेवतात, ती अर्ज भरण्याआधीच पाहावी. अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरायचे असतात. निकाल लागल्यावर जागे झाले तर वर्ष जाते.

डिप्लोमाची वाट

बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्याला, तसेच दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला, पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. ती यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते. बारावीला किती होते हे तिथे कोणी विचारत नाही, सीईटीही नाही. किमान अट डिप्लोमात ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के.

पुण्याचे सीओईपी १८५४ पासूनचे, २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. तिथे आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्येही डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश होतात. जागा थोड्या असतात आणि डिप्लोमाला गुण भरपूर लागतात. पण बारावीला पडलेला माणूस दोन-तीन वर्षांत त्या दारापर्यंत पुन्हा पोहोचू शकतो. एखादं वर्ष जास्त जातं, एवढंच.

बारावी सुधारायची असेल तर

सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्यांसाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. त्यात पुन्हा सर्व विषयांची परीक्षा द्यावी लागते आणि ठरावीक लगतच्या संधी मिळतात. अर्ज आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत ऑनलाईन भरतात. पात्रतेचे चार-पाच गुण कमी असलेल्याला ही योजना उपयोगी आहे. ज्याचे पात्रतेपुरते गुण आहेत, त्याने तोच वेळ सीईटीला द्यावा. नापास विद्यार्थ्यांसाठी निकालानंतर पुरवणी परीक्षा होते. शाळा सुटून वर्षे झालेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येते.

आधी पदवी, मग विद्यापीठ

कला-वाणिज्यवाल्यांसाठी पदवी तालुक्याच्या कॉलेजात करून एमए-एमकॉमला मोठ्या विद्यापीठात जाणे ही साधी वाट आहे. कॉलेज लांब असेल किंवा घरची कामे सुटत नसतील तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली स्थापन झाले आणि त्याची अभ्यासकेंद्रे तालुक्यांत आहेत. पदव्युत्तर प्रवेशाला पदवी आणि प्रवेश परीक्षा पाहतात. एमपीएससी आणि यूपीएससीलाही पदवी लागते, बारावीचे टक्के नाही.

करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे दहावीला नापास झाले होते. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एमए केले.

कागद आणि पैसा

सगळं जमून येतं आणि दाखल्यावाचून जागा जाते, असे दरवर्षी होते. रहिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस यातले जे लागू असेल ते निकालाची वाट न पाहता काढावे. नॉन क्रिमीलेयरची मुदत तपासावी. जात वैधतेला वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करणे चांगले.

२०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. पण प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती मिळत नाही. पोरीला शिकवायला पैसा नाही म्हणणाऱ्या घरांनी हे आधी वाचावे.

कॅपच्या फॉर्मात कॉलेजांचा क्रम मनातल्या आवडीने लावावा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तोच घ्यावा लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. त्यामुळे शेजाऱ्याने सांगितले म्हणून नको ते कॉलेज एक नंबरला टाकू नये. फॉर्म कॅफेवाल्यावर सोडू नये, समोर बसून भरावा. पासवर्ड आणि ओटीपी स्वतःजवळ ठेवावा.

एजंट आला तर

टक्के कमी असलेल्याच घराचा पत्ता एजंट शोधतो. "सीट पक्की करतो" म्हणून लाख-दोन लाख मागतो. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फी घ्यायला कायद्याने बंदी आहे. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. पैसे देण्याआधी विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, अभियांत्रिकीला एआयसीटीईची आणि विधीला बार कौन्सिलची मान्यता आहे का, हे मोबाईलवरच पाहता येते. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादीही जाहीर करते. पावतीशिवाय एक रुपया देऊ नये, आणि मूळ कागदपत्रे कोणाच्याही हातात ठेवू नयेत.

निकालाच्या दिवशी घरात रडारड होते, ते साहजिक आहे. पण दुसऱ्या दिवशी तीन विषयांची बेरीज, दाखल्यांची पिशवी आणि पुढच्या परीक्षेची तारीख, एवढे घेऊन बसले तर वाट सापडते.